थंड प्रदेशातील उष्णप्रिय गवते
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



शेताच्या बांधावर पसरणारी हरळी खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाची आहे. पूजेतील दूर्वा ती हीच. अमेरिकेत हेच गवत ‘बर्म्युडा गवत’ या नावाने कुरणांत व मैदानांवर लावतात. टेनेसी, केंटकी या राज्यांत उन्हाळा कडक असतो. हिवाळ्यात मात्र पारा गोठणबिंदूच्या खाली उतरतो. उन्हाळ्यात हिरवेगार असलेले तेथील कुरण हिमतुषारांचा पहिला कडक तडाखा बसताच वाळल्या पेंढ्यासारखे होते आणि वसंतापर्यंत तसेच राहते. हे गवत मेले की निजले? या प्रश्नाच्या उत्तरावर तेथील शेतकऱ्याचा पुढील वर्षाचा चारा अवलंबून असतो.

सर्व गवतांची प्रकृती सारखी नसते. गहू व जव यांसारख्या शीतप्रिय गवतांची वाढ सुमारे १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. हरळी, ज्वारी, बाजरी, मका व ऊस या उष्णप्रिय गवतांना २७ ते ३५ अंश मानवतात. याचे कारण पानाच्या कार्यपद्धतीत आहे. हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवरील संशोधनातून ही पद्धती स्पष्ट केली. अशा पानात कर्बवायू प्रथम चार कर्बअणूंच्या संयुगात बांधला जातो, आतील पेशींत नेला जातो व तेथे मोकळा होऊन त्यापासून साखर बनते. कडक उन्हात ही योजना फार फायद्याची ठरते. थंडीत मात्र ती चालविणारी काही एंझाइमे मंदावतात. सूर्यप्रकाश तर पानावर पडतच असतो. वापरला न गेलेला तो प्रकाशच पानास अपाय करतो. थंड वसंतात उगवलेला मका फिकट पिवळा दिसतो, तो यामुळेच.

हरळीची वाढ १५ अंशांखाली फार मंद होते व जमीन सुमारे १० अंशांपर्यंत निवली म्हणजे थांबते. पाने वाळतात, पण जमिनीतील खोडे व त्यांवरील डोळे साठविलेल्या अन्नावर जिवंत राहतात. कडाका फार तीव्र असेल, किंवा हिवाळ्याच्या तोंडावर गवत अगदी बुडापासून कापले गेले असेल, तर मात्र हे डोळेही मरतात. म्हणून जाणता शेतकरी रंगावरून निर्णय करीत नाही. तो खोड उकरून पाहतो. ते आतून पांढरे व टणक असले तर जिवंत, तपकिरी व मऊ असले तर मेलेले. शंका उरल्यास मुळासकट एक ढेकूळ काढून उबदार खोलीत उजेडाशी ठेवतो व पाणी देतो. दोनतीन आठवड्यांत कोंब आले, तर कुरण नांगरून टाकण्याचे कारण उरत नाही.

पेरणीलाही हाच न्याय लागू पडतो. इंग्लंडमध्ये मका पेरताना केवळ तारीख पाहून भागत नाही. बियाण्याच्या खोलीवर जमीन काही दिवस सलग ८ ते १० अंश राहिली म्हणजे पेरणी करतात. घाई केल्यास चांगले बियाणेही जमिनीत कुजते. या गटातही अपवाद आहेत. पूर्व आशियातून युरोपात गेलेले मिसकॅन्थस हे उंच गवत १४ अंशांतही प्रकाशाचा उपयोग बऱ्यापैकी चालू ठेवते.

हा पाठ पौष महिन्यात शाळेत सहज करता येईल. गहू व बाजरीचे मोजून घेतलेले दाणे ओल्या फडक्यांत बांधावेत. प्रत्येकाची एक पुरचुंडी पाण्याच्या माठाजवळ व दुसरी उबेच्या जागी ठेवावी. ओल सर्वांस सारखी असावी. मुलांनी रोज दोन्ही ठिकाणचे तापमान व मोड आलेले दाणे वहीत नोंदवावेत. गारव्यात बाजरी मागे पडलेली दिसेल. तेव्हा एखादा मुलगा “बी मेले” असे म्हणेल. त्यास तत्काळ उत्तर देऊ नये. तीच पुरचुंडी त्याच्याच हाताने उबेत ठेववावी व चार दिवस वाट पाहण्यास सांगावे. उत्तर बाजरीच देईल, आणि न तपासता कशासही मेलेले म्हणू नये, हे त्या मुलाच्या कायमचे ध्यानात राहील.