टाकाऊ यंत्रांची आरास



श्रावण लागला कीं गिरगांवच्या चाळींतून यंदा आरास कशाची करावी, याचा खल सुरू होतो. 1893 सालीं केशवजी नाईक चाळींत मुंबईच्या सार्वजनिक गणेशोत्सवास प्रारंभ झाला. आराशीच्या कागद-कापसाच्या साहित्यांत आतां नव्या जिनसांची भर पडली आहे. रेडिओ, संगणक व मोबाईल यांच्या भागांचा बाजार लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, जवळच भरलेला. आणि घरोघरचे माळे निकामी यंत्रांनीं अडलेले. सर्किट बोर्डावरील सोनेरी रेघांत मुलांना नगरीचा नकाशा दिसतो. तांब्याच्या तारेची वेल होते, कळफलकाच्या कळांची फरसबंदी होते.

परंतु या सौंदर्याच्या पोटांत विष आहे. जुन्या बोर्डांच्या डाकांत शिसें असतें, नळीदिव्यांत पारा असतो. जुन्या दूरचित्रवाणीची चित्रनळी निर्वात असते. ती फुटली तर कांचा चोहोंकडे उडतात. मायक्रोवेव्ह भट्टींतील कॅपॅसिटर विजेची तार काढल्यावरहि प्राणघातक धक्का देऊं शकतो. मोबाईलच्या बॅटरीला टोंचा बसला कीं ती पेट घेते. हीं चार यंत्रें कलावंतानें उघडूं नयेत, हें उत्तम.

जेथें जेवण, अभ्यास आणि निजणें एकाच खोलींत होतें, तेथें ही सावधगिरी दुप्पट हवी. पोटांत गेलेलें शिसें लहान मुलांच्या शरीरांत मोठ्यांच्या चौपट-पांचपट शोषलें जातें आणि मेंदूच्या वाढीवर आघात करतें.

म्हणून नियम थोडे, पण कडक असावेत. तांब्यासाठीं तार जाळूं नये. तिच्या आवरणाचा धूर विषारी असतो. बोर्ड करवतीनें कापूं नये, तापवूं नये, आम्लांत बुडवूं नये. स्क्रू काढून जें सुटेल तेंच घ्यावें, व जोडणी डाकाऐवजीं तारेनें अथवा स्क्रूनें करावी. खालीं वर्तमानपत्र, हातांत मोजे, डोळ्यांवर चष्मा असावा. काम संपल्यावर जमीन ओल्या फडक्यानें पुसावी. झाडूनें धूळ उडवूं नये. जेवण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत. बोर्ड वापरलाच तर तो कांचेआड, बालकांच्या हाताबाहेर असावा.

निवड हीच येथें अर्धी कला आहे. चंदीगड येथें नेक चंद यांनीं टाकाऊ वस्तूंतून रचलेली बाग 1976 सालीं लोकांस खुली झाली. तिच्यांत विजेच्या जोडकामाचे निकामी चिनी मातीचे तुकडेहि आहेत. ते ऊन-पाऊस सोसतात, पण विष ओकत नाहींत.

उरलेला भाग कचऱ्याच्या डब्यांत टाकूं नये. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणें नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण केंद्राकडेच तो जावा. नाहींतर गिरगांवच्या मुलानें टाळलेला धूर दुसऱ्या एखाद्या वस्तींतील मुलाच्या छातींत जाईल.

आणि विसर्जनाच्या दिवशीं मूर्ति चौपाटीकडे निघाली, तरी ही आरास मागेंच राहावी. स्क्रूनें जोडलेली असली, तर ती सुटी करून पेटींत ठेवतां येते. पुढल्या वर्षीं त्याच तुकड्यांतून दुसरी नगरी उभी राहते.