सेवा, वेतन आणि मानधन
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



समाजकार्य हा आपल्या मुलामुलींनी पत्करावा असा व्यवसाय आहे काय, याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत निघतो. मुलगी पदवीधर होते, समाजकार्याचे पुढील शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखविते आणि वडीलमंडळी म्हणतात, "समाजसेवा रविवारी कर, तिच्यावर पोट कसे भरणार?" या उद्गारात दोन समजुती एकत्र नांदतात. सेवेचे पैसे घेणे कमीपणाचे, ही एक. आणि सेवा शिकल्यावाचून कोणासही येते, ही दुसरी.

ज्यांची नावे घेऊन आपण निरपेक्ष सेवेचा महिमा गातो, त्यांची चरित्रे जरा हिशेबाच्या दृष्टीने वाचावीत. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. हिंगण्याची त्यांची पायपीट सर्वांस ठाऊक आहे. परंतु १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, हे आपण विसरतो. घरची चूल महाविद्यालयाच्या वेतनावर पेटत होती, म्हणून आश्रमाची सेवा विनावेतन होऊ शकली. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यास सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापिली. तिच्या सभासदाने स्वतःसाठी द्रव्यार्जन करावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा होती. तथापि त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद संस्थेने करावी आणि तीत त्याने समाधान मानावे, हेही त्याच प्रतिज्ञांत होते. त्यागाची एवढी कठोर संस्था, पण कार्यकर्त्याची बायकामुले काय खातील याचा विचार तिने प्रथम केला.

आता शिक्षणाविषयी. मुंबईच्या नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आले. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था स्थापन झाली. या शिक्षणात पुस्तकांइतकेच क्षेत्रकार्याला महत्त्व असते. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि मार्गदर्शक ती तपासून त्यास प्रश्न विचारतात. आम्ही आयुष्यभर वह्या तपासल्या; या तपासणीचे मोल आम्ही जाणतो. पुढे नोकऱ्याही आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या भेदरलेल्या पत्नीला कोणती योजना लागू पडते, कोणता कागद कोठे मिळतो, हे समजावून सांगणे हे त्यांचे काम. केवळ दयाळूपणाने ते होत नाही. त्यास माहिती लागते आणि दहाव्या रुग्णाशीही पहिल्याइतक्याच शांतपणे बोलण्याची सवय लागते.

स्वयंसेवकाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यातील विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास काम करतो. तासांची नोंद होते, ही त्यातील मोठी गोष्ट. आपल्याकडील स्वयंसेवक मात्र बहुधा "सवड मिळाल्यास येतो" म्हणतो, आणि सवड परीक्षेच्या ऐन हंगामात हटकून नाहीशी होते.

परंतु खरा अन्याय होतो तो "मानधन" या गोड शब्दाच्या आडून. १९७५ साली एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने अंगणवाड्या आल्या; २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा आल्या. बालकांचे वजन घेणे, आहार देणे, गर्भवतीस प्रसूतीसाठी रुग्णालयात नेणे ही कामे सवडीची नव्हेत. तरी त्या बायांची गणना नोकरवर्गात न होता अंगणवाडीताईंना मानधन आणि आशांना कामागणिक मोबदला ठरला. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे ठरण्यास २०२२ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवपत्र भिंतीवर लावता येते. वाण्याचे बिल त्याने भागत नाही.

सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या वसतिगृहाचे गृहपालही मानधनावरच आहेत. मध्यरात्री मुलास ताप भरला तर त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे तेच, आणि शिधा तोलून घेणारेही तेच. गेल्या संमेलनात त्यांना शाल व श्रीफळ अर्पण झाले. वार्षिक रजा किती, हे मात्र कोठेही लिहिलेले नाही. (वधूवरसूचक पुस्तिकेत "समाजकार्य" हा व्यवसाय लिहिणाऱ्या मुलाच्या पत्रिका का परत येतात, याचे उत्तर आपल्या या वागणुकीतच आहे.)

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची विनंती अशी. गृहपालांस ठरावीक वेतन, साप्ताहिक सुटी व भविष्यनिर्वाहाची तरतूद असावी. संध्याकाळच्या अभ्यासवर्गास येणाऱ्या स्वयंसेवकांनी आठवड्याचे दोन तास लेखी कबूल करावेत आणि हजेरीपटावर सही करावी. आमचे नाव त्या पटावर पहिले घालावे. शिष्यवृत्तीनिधीतून दरवर्षी एका तरी विद्यार्थ्यास समाजकार्याच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे. अभियांत्रिकी व वैद्यकीच्या अर्जांखाली तो अर्ज दडपला जाऊ नये.

अंदाजपत्रकाची चर्चा उद्या सकाळी आहे. गृहपालांच्या वेतनाची बाब आरंभीच घ्यावी. भोजनाची पाने मांडली जाऊ लागली की सभामंडप ओस पडतो, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.