लाकूड पारखून घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



नव्या घराच्या मुख्य दाराची चौकट उभी राहते त्या दिवशी नारळ फोडतात, आंब्याचा टहाळा बांधतात आणि हळदकुंकू वाहायला आपल्यालाच पुढे करतात. पण त्या चौकटीचे लाकूड घ्यायला वखारीत जाताना घरातल्या बाईला सहसा कोणी विचारत नाही. सिमेंटच्या पोत्यावर, लोखंडाच्या कांबीवर कारखान्याचा शिक्का असतो. चौकटीच्या लाकडावर तसे काही नसते. ज्याच्या डोळ्याला कळते त्यालाच ते चांगले मिळते. आणि उलटून पालटून, वास घेऊन, नख लावून वस्तू घेण्याची सवय घरात कोणाला जास्त, हे या सभेत मी सांगायला नको.

आमच्या घराचे लाकूड मीच घेतले. पहिल्या वखारीतले शेठ म्हणाले, "ताई, साहेबांना पाठवून द्या, त्यांना दाखवतो." मी म्हटले, "साहेब हिशेब तपासतात, लाकूड मी तपासते." तेव्हा कुठे त्यांनी माणसाला हाक मारली.

'सागवान' एवढ्या नावाला भुलू नये. पूर्वी ब्रह्मी सागाचा मोठा बोलबाला होता. २०१४ साली म्यानमारने ओंडके परदेशी पाठवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली तिकडचाच साग गेला. याशिवाय वखारीत आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा सागही मिळतो. तो खोटा नव्हे, सागच आहे. प्रश्न असतो झाडाच्या वयाचा. सागाच्या तपकिरी गाभ्यात जी तेलकट द्रव्ये असतात त्यांच्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागाला हे संरक्षण नसते. कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त आणि गाभा थोडा. म्हणून एकाच ढिगातला एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि दुसऱ्याखाली थोड्याच वर्षांत पिठासारखा भुसा पडू लागतो.

तेव्हा फळीचे गुळगुळीत पोट पाहण्याआधी तिची टोके पाहा. टोकाला वलये दिसतात, पांढरे कुठवर आहे ते दिसते, चीर गेली असेल तर तीही दिसते. झाडाचा अगदी मधला ठिपका तुकड्यात आला असेल तर तो चौकटीला घेऊ नये; तडे तिथूनच फुटतात. पांढऱ्यावर कधी लालसर तेल फासलेले असते, म्हणून टोक चाकूने थोडे खरवडून बघावे. शेठ नाराज झाले तरी चालेल. ताज्या खरवडलेल्या सागाला कातड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागते. बारीक, घट्ट बसलेल्या गाठीने बिघडत नाही. सुटून पडेल अशी काळी गाठ मात्र नको.

आता सुकेपणा. पावसाळ्यात दार फुगते आणि आपण सुताराच्या नावाने बोटे मोडतो. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. ते रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. जुन्या कारागिरांनी दिल्ह्यांचे दार काढले ते याचसाठी. दिल्हे चौकटीच्या खाचेत मोकळे बसलेले असतात, त्यांना हलायला जागा असते. हल्लीचे उतावळे मिस्त्री ते डिंकाने नाहीतर चुकांनी पक्के करून टाकतात आणि मग दिल्हा मधोमध तडकतो. करू देऊ नका. ओले लाकूड ओळखायचे तर सारख्या मापाचे, एकाच जातीचे दोन तुकडे उचलून पाहावेत. जड तो बहुधा ओला. वाळलेला तुकडा ठोकल्यावर खणकन वाजतो, ओला बद्द. घराचे जोते होत असतानाच लाकूड घेऊन ठेवले तर त्याला वाळायला महिने मिळतात. ते जमिनीवर टाकू नये. खाली विटा, दोन थरांमध्ये पट्ट्या, वर सावली, आणि चारी बाजूंनी वारा. प्लास्टिकमध्ये गुंडाळले तर आत घाम धरतो.

मापाचे गणित स्वयंपाकाच्या अंदाजाइतके सोपे आहे. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागले की घनफूट निघतात. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद, उंबरठ्यासकट चौकट धरा. एकवीस फूट लाकूड झाले. ते पाच इंच बाय तीन इंच असेल तर २.१९ घनफूट. पण प्रत्यक्षात पावणेपाच बाय पावणेतीन मिळाले, तर भरते १.९० घनफूट. पाव-पाव इंचाचा फरक डोळ्याला दिसत नाही, बिलाला दिसतो. म्हणून भाव ठरवण्याआधीच विचारावे, हे माप करवतीचे की रंधा मारल्यानंतरचे? टेप आपली घेऊन जावी.

निवडलेल्या तुकड्यांच्या टोकांवर मी तेलरंगाने खूण केली होती. टेंपो घरी आला तेव्हा त्यातले तीन तुकडे बिनखुणेचे निघाले. "चढवताना गडबड झाली," असे उत्तर आले. तीनही परत पाठवले, माझे तीन घेतले आणि मगच उरलेले पैसे दिले. खडूची खूण असती तर पुसली म्हणाले असते.

सगळे घर सागाचे हवे असेही नाही. कोकणात वाशांना ऐन आणि किंजळ, दारांना फणस चालत आलेला आहे, आणि पॉलिश केलेल्या फणसाचा पिवळा रंग मला तर सागाहून आवडतो. न्हाणीघराच्या चौकटीला सरळ दगड घ्यावा. पाडलेल्या वाड्यांचे जुने लाकूड मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण ते कधीच वाळून बसलेले असते. मात्र त्यात जुने खिळे लपलेले असतात आणि करवतीचे पाते मोडते म्हणून गिरणीवाले ते कापायला कुरकुरतात. लोहचुंबक फिरवून खिळे आधी काढून घ्यावेत. जुन्या खोबणींचा भाग मापातून वजा करायला सांगावे.

येताना मी दोन तुकडे आणले आहेत, एक निव्वळ गाभ्याचा आणि एक अर्धा पांढरा. टेबलावर चाकूही ठेवला आहे. चहा येईपर्यंत खरवडून, वास घेऊन बघा.