माळरानाचा सल्ला कोणाला विचारायचा?

(मोहोळ येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पारधी वस्त्यांतील कामाविषयी मी बोलावे असे मला सांगितले आहे. पण मी सुरुवात एका पक्ष्यापासून करतो, कारण या वस्त्यांचे पुढे काय होणार हा प्रश्न त्या पक्ष्याशी बांधला गेला आहे. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक वाचावा म्हणून सरकारने १९७९ साली अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र होते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. आपला मोहोळ तालुका, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर आणि नगर जिल्ह्यातलेही काही तालुके त्यात आले. गावे, शेते, बाजारपेठा, सगळेच अभयारण्यात! जमिनीचा व्यवहार असो की रस्ता, परवानगीचा प्रश्न उभा राहू लागला. पक्षी वाचवायचा हेतू चांगला होता, पण माणसांना तो पक्षी नकोसा झाला.

त्याच सुमारास उजनी धरण पुरे झाले. पाणी आले, ऊस आला, माळ नांगरला गेला. उरलेल्या गवताळ रानाला ‘पडीक’ समजून कुठे चर खणले, कुठे झाडे लावली. माळढोक जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एकच. त्याला दूरवर नजर जाईल असे मोकळे गवत लागते. टोळ, भुंगेरे, ज्वारीचे दाणे लागतात. दाट झाडी त्याच्या कामाची नाही. पुढे तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला. माळढोक मात्र तोवर नान्नजच्या रानातही क्वचितच दिसू लागला होता.

आता माझा प्रश्न असा. या साऱ्या वर्षांत सल्ला देणारे पुष्कळ होते. निसर्गसंस्था होत्या, शास्त्रज्ञ होते, अधिकारी होते. शेतकऱ्याकडे सातबारा होता, म्हणून त्याची तक्रार तरी ऐकली गेली. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या पारध्याला कोणी विचारले?

पारध्याला माळ ठाऊक आहे. तितर कुठे दडतो, लाव्हा कधी अंडी घालतो, लांडग्याची वाट कोणती, हे वस्तीतली म्हातारी माणसे आजही बोटाने दाखवतात. ही विद्या फास लावण्यासाठी होती, हे मी लपवत नाही. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण शिकार बंद करताना त्या हातांना दुसरे काम द्यायचे राहून गेले.

या लोकांविषयी दुसऱ्यांनी ठरवायचे, ही रीत जुनीच आहे. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली, आणि तिचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तिथे शाळा होती, कामधंदा होता. पण कुंपणही होते. ते कुंपण १९५२ साली उठले. भले करायला निघालेल्या माणसांनीही आधी विचारावे, हा धडा आपल्या घरातलाच आहे.

विचारले तर काय होते, याचे उदाहरण विदर्भात आहे. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी वस्त्यांना बरोबर घेऊन गवताळ रान राखण्याचे काम करते. तणमोर हा दुर्मीळ पक्षी त्या गवतात येतो. पूर्वी ज्यांच्या फासांची पक्ष्यांना भीती होती, त्यांच्याच घरची माणसे तिथे राखणदार झाली आहेत.

कायद्यानेही वाट ठेवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात, अतिसंरक्षित क्षेत्र ठरवून लोकांचे हक्क बदलायचे असतील, तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत समिती आणि गावाची जैवविविधता नोंदवही असावी लागते. त्या नोंदवहीत पारध्याची माहिती आणि त्या समितीत पारध्याचे नाव का असू नये?

म्हणून माझे तीन गोष्टींचे मागणे आहे. पहिली, वस्तीतल्या प्रत्येक घराला जातीचा दाखला आणि रेशनकार्ड मिळेपर्यंत आपल्यातल्या शिकलेल्या माणसांनी तहसीलचे हेलपाटे घालावेत. दाखला नाही तो माणूस सरकारच्या कागदावर नसतोच. दुसरी, ग्रामसभेच्या दिवशी वस्तीतल्या बायाबापड्यांच्या सोबत जाऊन बसावे. त्यांच्या वतीने बोलू नये, शेजारी बसावे; आपण बसलो की त्यांना उठवायला कोणी धजत नाही. तिसरी, आपल्या गावच्या जैवविविधता समितीत कोण आहे, हे पुढच्या मेळाव्यापूर्वी प्रत्येकाने ग्रामपंचायतीत विचारून यावे.

गवत राखायचे तर राखणारा माणूस त्या गवताजवळच राहिला पाहिजे, आणि त्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर पाहिजे. माळाचे पुढे काय करायचे याचा सल्ला सरकारला देणाऱ्यांच्या बैठकीत त्यालाही एक जागा मिळावी, एवढ्यासाठी आपण झटू या.