चार रंगांची पुस्तकं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली. मी मात्र महिन्यातल्या दोन शनिवारांबद्दल बोलणार आहे.

पाचवीत आपल्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची आणि पाडव्याच्या सुमारास परत यायची. एकदा धडा वाचायला उभी राहिली आणि पहिल्याच जोडाक्षराला अडली. वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. सहावीत ती आली नाही.

दोन वर्षांपूर्वी घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावी राहून घरून काम करत होते, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहज डोकावले. चौथीतला एक मुलगा पुस्तक उघडून नुसता बसला होता. तोही नुकताच फडावरून परतलेला. मला ती मुलगी आठवली.

तिथल्या बाईंना मी म्हटलं, आपण आधी प्रत्येकाला काय येतं ते पाहू. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून होते. तिचं साधन अगदी साधं आहे: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून वाचायला द्यायचं. पाच मिनिटंही लागत नाहीत. तिसरी-चौथीची मिळून सत्तावीस मुलं, आणि एकाच वर्गात चारही पातळ्या निघाल्या. सगळ्यांना एकच धडा शिकवत राहिलो, तर निम्म्यांना तो कळत नाही आणि उरलेल्यांना त्याचा कंटाळा येतो.

मग वर्ग नव्यानं मांडला. भिंतीलगत सुतळ्या बांधल्या आणि मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकं चिमट्यांनी टांगली. 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी चार पातळ्यांत मोफत मिळतात आणि छापून वापरायची मुभा आहे. त्या छापल्या. रोज पाऊण तास वाचनाचा ठरला. बाई एका गटाजवळ पंधरा मिनिटं बसतात, बाकीची मुलं आपापलं वाचतात. अडलं तर आधी चित्र बघायचं, मग शेजाऱ्याला विचारायचं, शेवटी बाईंना. हा नियम अंगवळणी पडायला तीन आठवडे गेले. तोवर नुसता गोंधळ!

एक चूक माझीच झाली. इंजिनिअरच ना मी, प्रत्येक मुलाला पातळीप्रमाणे रंगीत बिल्ला दिला. दुसऱ्याच शनिवारी ऐकलं, "ए लाल बिल्ल्या!" लाल म्हणजे ढ, हे मुलांनी लगेच ओळखलं होतं. पाचवीतलं माझं हसू मीच नव्या रंगात परत आणलं होतं. बिल्ले त्याच दिवशी काढले. आता रंग फक्त पुस्तकांना आहेत. कुणीही कुठल्याही रंगाचं पुस्तक घ्यावं. कुणाला काय येतं याची नोंद बाईंच्या वहीत असते आणि महिन्याला गट बदलतात.

तो मुलगा मार्चमध्ये अक्षरांवर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत शब्द ओलांडून परिच्छेद अडखळत वाचू लागला. गोष्ट अजून जमत नव्हती. सुट्टी लागताना त्यानं विचारलं, "मॅडम, ह्ये पुस्तक घरी न्यू का?" पाचवीत गेल्यावर दिवाळीनंतर तो पुन्हा फडावर गेला. ते काही मला थांबवता आलं नाही. या वेळी त्याच्या पिशवीत दहा पुस्तकं होती. परत आला तेव्हा सात उरली होती, पण त्यातली एक त्यानं मला अख्खी वाचून दाखवली.

गुरुजनहो, तुमच्यासमोर साठ-साठ मुलं असायची. तेव्हा प्रत्येकाजवळ बसणं तुम्हाला कसं जमणार होतं? आज आपण इतके जण आहोत. मला देणगी नको. आपापल्या गावच्या शाळेत, शिक्षकांना विचारून, महिन्यातून एक शनिवार सकाळी जा. एका मुलाला शेजारी बसवा आणि तो वाचेल ते ऐका. अडला तर थांबा.

आणि त्या आपल्या मैत्रिणीचा पत्ता कुणाला ठाऊक असेल, तर जेवणाच्या वेळी मला नक्की सांगा. मला तिला भेटायचं आहे.