शार्लट म्यू : कीव नको, वाचन हवे



विसाव्या शतकाच्या आरंभीची इंग्रजी कविता शिकवताना आपण पहिल्या महायुद्धाचे कवी घेतो आणि थेट एलियटकडे वळतो. कवयित्री शार्लट म्यू त्यात राहूनच जाते. हे चर्चासत्र तिच्यासाठी भरते आहे, याचा मला फार आनंद आहे.

१९१६ साली, युद्ध ऐन भरात असताना, हॅरल्ड मनरो यांच्या पोएट्री बुकशॉपने ‘द फार्मर्स ब्राइड’ हा तिचा संग्रह काढला. ‘मॅडलिन इन चर्च’ ही त्यातली दीर्घ कविता. तिच्यात ईश्वरनिंदा आहे म्हणून तिचे खिळे जुळवायलाच छापखान्यात नकार मिळाला होता. कवी-कादंबरीकार थॉमस हार्डींना मात्र म्यूचे मोल कळले होते. त्यांच्या निधनानंतर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातली एक चिठ्ठी सापडली. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर म्यूची एक कविता हार्डींनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती. कवीला याहून मोठी पावती कोणती? हार्डी गेले त्याच वर्षी, १९२८ मध्ये, म्यूने आत्महत्या केली.

पेनेलपी फिट्झजेराल्ड यांनी लिहिलेले म्यूचे चरित्र १९८४ मध्ये आले आणि तिचे घर वाचकांना कळले : वेड्यांच्या इस्पितळात गेलेली दोन भावंडे, ओढगस्त, बहिणीचा मृत्यू. चरित्र उत्तमच आहे. पण तेव्हापासून तिच्याबद्दल हळहळणारे वाढले, तितके तिच्या ओळींशी थांबणारे वाढले नाहीत, असे मला वाटते. ही हळहळ तिला लहान करते.

‘द फार्मर्स ब्राइड’ ही शीर्षककविताच पाहा. बोलतो तो शेतकरी. पुरुषाच्या जवळ येण्यानेच भेदरणारी त्याची कोवळी बायको पळून जाते. गावकरी तिला धरून आणतात, कोंडतात. ती वर माळ्यावर एकटी झोपते आणि तो खाली तळमळतो. तिला नाव नाही. कवयित्रीने स्त्रीची बाजू मांडायला पुरुषाचाच आवाज घेतला, आणि त्यालाही खलनायक केले नाही. त्याची वासना, त्याचे प्रेम आणि त्याचे न कळणे एकाच श्वासात येते. शेवटी तर त्याच्या बोलण्याचा तोलच सुटतो. हे कसब आहे, आणि ते दुःखातून आपोआप येत नाही.

म्हणून निबंधवाचकांना माझी आग्रहाची विनंती : चरित्र जरूर सांगा, पण प्रत्येकाने निदान एक कविता पूर्ण मोठ्याने वाचावी. तिच्या लांब-आखूड ओळी कानांनीच कळतात. प्रती सभागृहाच्या दाराशी ठेवल्या आहेत.