नागरमोथ्याचा इजिप्शियन भाऊ

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणावरून)



परवा नरकचतुर्दशीला पहाटे आपण सगळ्यांनी उटणं लावलं असेल. मनामातल्या इंडियन दुकानातून आणलेलं का होईना! त्या पुडीवर काय काय आहे ते वाचलंत का कधी? वाळा, कचोरा, आणि नागरमोथा. या नागरमोथ्याची शास्त्रीय प्रजाती सायपेरस. आणि ज्यावर इजिप्तच्या लोकांनी तीन-चार हजार वर्षं लिहिलं, त्या पपायरसचं पूर्ण नाव सायपेरस पपायरस. म्हणजे सख्खे नाही तरी चुलत भाऊच की! नदीकाठचा आपला लव्हाळाही याच गोतावळ्यातला. फरक एवढाच, की लव्हाळा आपल्या गुडघ्याला लागतो आणि पपायरस चार-पाच मीटर उंच वाढतो.

कैरोच्या सहलीत मी मोठ्या हौसेने पपायरसवरचं एक चित्र घेतलं. घरी आणून फ्रेम करायला गेलो तर कोपऱ्याला चक्क तडा गेला. पुढे एका जाणकाराने सांगितलं, "साहेब, हे केळीच्या सोपटाचं आहे!" खरा पपायरस उजेडासमोर धरला की उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी स्पष्ट दिसते. माझ्या चित्रात ती नव्हती. पैसे गेले, पण त्या रागातून विषयाचा नाद लागला. असो.

पपायरस करतात कसा? देठ तिकोनी असतो. वरची हिरवी साल सोलायची, आतला पांढरा गाभा उभा कापून पातळ पट्ट्या काढायच्या. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा. मग दाब द्यायचा. वेगळा डिंक लागत नाही, गाभ्याच्या रसानेच पट्ट्या एकमेकींना धरतात. वाळल्यावर दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचा. अशी पानं खळीने एकापुढे एक जोडली की झाली गुंडाळी. इथे मनामाच्या क्राफ्ट सेंटरमध्ये बायका खजुराच्या पानांचा कागद बनवत, तो काहींनी पाहिला असेल. पण तो खरा कागद, म्हणजे लगदा करून पसरलेला. पपायरसचा लगदा होत नाही. इंग्रजीतला 'पेपर' शब्द मात्र त्याच्याच नावावरून आला.

आणि हे गवत नुसतं लिहायला नव्हतं बरं का. दोर, चटया, चपला, होड्या, सगळं त्याचंच. देठाचा खालचा भाग आपण ऊस चघळतो तसा चघळत.

लिहिलेला सर्वांत जुना पपायरस सापडला २०१३ साली, तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला. फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या तुकडीला. त्यात काय असावं? मंत्र? राजाची स्तुती? छे! मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. खुफूच्या पिरॅमिडसाठी तुर्‍याच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला नेले, आज भरले, उद्या निघालो, रात्री मुक्काम अमुक ठिकाणी. साडेचार हजार वर्षांपूर्वीची लॉगशीट! माझी सारी नोकरी शिफ्टची लॉगशीट भरण्यात गेली, त्यामुळे हा माणूस मला एकदम आपल्यातला वाटला.

आता आपल्या बेटाकडे येऊ. दिलमुनची नगरी त्या काळी गजबजलेली होती. मग इथे अशा गुंडाळ्या का नाहीत? एक तर इथला लिहिण्याचा माल माती. आपल्या किल्ल्याच्या, कलात अल-बहरैनच्या, उत्खननात खिळ्यांसारख्या अक्षरांच्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. दिलमुनहून तांबं आणणाऱ्या एआ-नासिरला एका गिऱ्हाइकाने "माल खराब दिलास" म्हणून झाडलं होतं, ती उर शहरातली पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जवळजवळ पावणेचार हजार वर्षं झाली, तक्रार अजून शाबूत! आग लागली तर माती भाजून अधिक पक्की होते. पपायरस राख होतो. आणि आगीपेक्षाही वाईट म्हणजे दमट हवा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत तो टिकला. नाईलच्या मुखाजवळ, जिथे तो सर्वांत जास्त उगवायचा, त्या ओल्या जमिनीत मात्र फारच थोडा उरला.

गवताच्या होड्यांची एक गोष्ट मात्र बहरीनशी जोडलेली आहे. नॉर्वेचा थॉर हेयरडाल १९७० मध्ये पपायरसच्या 'रा-२' नावेतून मोरोक्कोहून बार्बाडोसला ५७ दिवसांत पोचला. १९७७ मध्ये त्याने इराकमधल्या कुर्ना इथे 'टायग्रिस' बांधली, ती बर्दीची. अरबीत पपायरसलाही बर्दीच म्हणतात, पण इराकची ही बर्दी म्हणजे आपलं पाणकणीस. ती नाव बहरीनला थांबली, मग ओमान, कराची आणि शेवटी जिबूती. तिथे १९७८ च्या एप्रिलमध्ये आसपासच्या युद्धांचा निषेध म्हणून त्याने ती स्वतःच जाळली.

इजिप्तमधून हे गवत पुढे जवळपास नाहीसंच झालं होतं. हसन रगब नावाच्या इंजिनिअर-राजदूताने १९६० च्या दशकात सुदानहून रोपं आणून लावली आणि पुन्हा पानं बनवायला सुरुवात केली. आज टूरिस्टांना मिळतात ती त्या खटपटीची फळं. माझं केळीचं सोपट सोडून!

आता हे सगळं मी का सांगतोय? मी इथे आलो तेव्हा आई दर पंधरवड्याला निळं एअरोग्राम पाठवायची. सतरा वर्षांची पत्रं. मी शहाणपणा करून ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवली. एका ऑगस्टमध्ये एसी बंद करून दीड महिना सुट्टीवर गेलो. परत येऊन पाहतो तर बुरशी, आणि गठ्ठ्याची वीट झालेली. सोडवायला गेलो तर वरच्या पत्राचं अर्धं पान हातात आलं. तिथेच थांबलो.

आमच्या आजीच्या पोथ्या लाल सुती बासनात असायच्या. कोकणातल्या पावसात! दर उन्हाळ्यात ती बासनं सोडून पानं हवेशीर ठेवायची. मी तिला हसायचो.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळ्या न उलगडता, नुसत्या स्कॅनवरून आणि कॉम्प्युटरच्या मदतीने, वाचायला सुरुवात झाली आहे. २०२४ साली तीन तरुणांना त्याबद्दल मोठं बक्षीस मिळालं. ही बातमी मुलीने मला फोनवर वाचून दाखवली आणि म्हणाली, "बाबा, आजीची वीट टाकू नका हं."

टाकलेली नाही. आता ती सुती कापडात, बेडरूमच्या कपाटात आहे, आणि सुट्टीवर जाताना त्या खोलीचा एसी बंद करत नाही. विजेचं बिल येतं, येऊ दे. सुटं वाचलेलं पत्र एकच, १९९१ च्या मार्चचं. युद्ध नुकतंच थांबलं होतं. त्यात आईने लिहिलंय की टीव्हीवर बातम्या बघून झोप लागत नाही, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण नीट लावत जा.